१९६५ ची प्लिमथ व्हॅलियंट गोव्यात सांभाळायची तर: पत्रा आधी बघा, इंजिन नंतर

सरळ सांगतो, जुनी अमेरिकन गाडी घ्यायचं मनात असेल आणि राहायला गोव्यात असाल तर माझं मत व्हॅलियंटला. इम्पाला, बेल एअर, ती मागे पंख असलेली कॅडिलॅक, सगळ्या सुंदरच आहेत, वाद नाही, पण आपल्या वाड्यांवरचे रस्ते, घरासमोरची जागा आणि सामान मिळवायची मारामार बघता त्या लोकांच्या अंगणात बघायला बऱ्या. व्हॅलियंट चालवता येते. बाजारात नेता येते, पार्क करता येते, बिघडली तर फोंड्यातला मेस्त, म्हणजे मेकॅनिक, तिला उघडून परत बंद करू शकतो, आणि माझ्या मते जुन्या गाडीत यापेक्षा मोठा गुण नाही.

माझी १९६५ ची, व्हॅलियंट २०० मॉडेल, चार दरवाजे, फिकट निळी, २२५ क्युबिक इंचाचं स्लँट सिक्स इंजिन म्हणजे आपल्या हिशोबाने ३.७ लिटर, तीन गियर आणि गियरचा दांडा स्टीअरिंगला, आपण हँड गियर म्हणतो तो. राइट हँड ड्राइव्ह. मूळ मालकांचं कुटुंब आफ्रिकेत होतं, ते परत आले तेव्हा गाडी बोटीने मुरगावला उतरली, आणि त्यानंतर ती गोव्याबाहेर कुणाच्या नावावर गेलेली नाही.

आता अमेरिकन लोक हिला कॉम्पॅक्ट म्हणतात तेव्हा आपल्याकडच्या कॉम्पॅक्टचा विचार डोक्यातून काढा. लांबी साधारण पावणेपाच मीटर, म्हणजे जवळपास इनोव्हा क्रिस्टाएवढी. पण त्या काळी तिथल्या नेहमीच्या गाड्या साडेपाच मीटरच्या आसपास असायच्या, त्यांच्यापुढे ही खरंच लहान. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिथे फोक्सवॅगन बीटल जोरात विकायला लागली, रॅम्बलर आणि स्टुडबेकर लार्क या तिथल्याच छोट्या गाड्यांनाही गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा तिन्ही मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या आणि १९६० च्या मॉडेल वर्षासाठी फोर्डने फाल्कन आणली, शेवरोलेने कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरने व्हॅलियंट. कॉर्व्हेअरचं इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, धाडसी गाडी, पण गोव्यात ती कोण सांभाळणार? फाल्कन एकदम साधी सरळ. व्हॅलियंटमध्ये मात्र इंजिनियर लोकांनी मनापासून काम केलंय हे तुम्ही बॉनेट उघडलं की कळतं, पहिल्याच वर्षी हिला डायनमोच्या जागी आल्टरनेटर स्टँडर्ड होता, तेव्हा बाकीच्या बहुतेक गाड्या डायनमोवरच होत्या. पहिलं वर्ष नाव नुसतं व्हॅलियंट, १९६१ पासून प्लिमथ व्हॅलियंट (प्लिमथ हा क्रायस्लरचाच ब्रँड), आणि १९६३ ला बॉडी पूर्ण बदलली. ही बदललेली बॉडी मला जास्त आवडते, सरळ रेषा, उगाच नक्षी नाही, काचा मोठ्या, आत बसलं की चारही कोपरे दिसतात.

आपल्या लोकांना क्रायस्लर नवीन नाही हेही लक्षात घ्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या, फियाट तर नंतर आली. गोव्याची गोष्ट आणखी वेगळी, १९५५ ला भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने बाहेरचा माल मोकळा सोडला आणि खनिजाच्या निर्यातीतून पैसा येतच होता, त्यामुळे मुंबईत ज्या गाडीसाठी परमिट आणि रांगा लागायच्या ती इथे डिचोली-सांग्याच्या खाणवाल्यांच्या दारात उभी असायची. आणि पोर्तुगालमध्ये उजवीकडून गाड्या चालायला लागल्या तरी गोव्यात डावी बाजू कायम राहिली, म्हणून इथल्या जुन्या परदेशी गाड्यांत राइट हँड बऱ्याच सापडतात. मडगावजवळ नुवेंला व्हिंटेज गाड्यांचं म्युझियम आहे, घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या, फोटोत गाडी बघणं वेगळं आणि बाजूला उभं राहून तिचा आकार अंगावर घेणं वेगळं.

इंजिनाबद्दल आधी लिहितो कारण लोक तेच आधी विचारतात. स्लँट सिक्स म्हणजे एका ओळीतले सहा सिलिंडर, पण अख्खं इंजिन ३० अंश एका बाजूला कललेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं इंजिनाचे माउंटिंग तुटलेत. कलवल्याने बॉनेट खाली आणता आलं, आणि बाजूला जी जागा सुटली तिथे इनटेक मॅनिफोल्डच्या लांब लांब नळ्या बसवता आल्या, प्रत्येक सिलिंडरला वेगळी, त्यामुळे एकाच साध्या कार्बोरेटरवर इंजिन छान ओढतं. वॉटर पंपही त्यांनी बाजूला सरकवला म्हणजे इंजिनाची लांबी कमी. क्रँक फोर्ज केलेला, चार मेन बेअरिंग, कॅमला चेन, हेड आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचे. अमेरिकेत हे इंजिन गाड्यांमध्ये ऐंशीच्या दशकापर्यंत येत राहिलं, इतकी वर्षं कुठलीही कंपनी वाईट इंजिन चालवत नाही. माझा मेस्त, ज्याचं आयुष्य अँबेसेडर आणि टेम्पो ट्रॅक्समध्ये गेलं, त्याने पहिल्यांदा कॉम्प्रेशन चेक केलं, गेज परत डब्यात ठेवलं आणि म्हणाला, "हें इंजीन कांय मरचें ना." आजपर्यंत त्याचं बरोबर आहे.

टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजून ठेवणं, हे या गाडीचं खरं व्रत. फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, सॉलिड टॅपेट आहेत, ठराविक अंतराने बघावेच लागतात. इनटेक १० थाउ आणि एक्झॉस्ट २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इंजिन गरम असताना. आमच्याकडे हे असं चालतं की गाडी आधी वीसेक मिनिटं फिरवून आणायची, मग टॅपेट कव्हर काढायचं, खाली जुनं कापड धरायचं आणि इंजिन सर्वात खालच्या आयडलवर चालू ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवायचं, पाती अगदी थोडी अडकत सरकली पाहिजे, लोण्यासारखी नाही आणि ओढून काढावी लागेल अशीही नाही. गरम तेलाचे थेंब हातावर उडतात. एक गोष्ट मेस्ताला आधीच सांगा, इथे लॉक नट नसतो. ॲडजस्टिंग स्क्रू स्वतःच रॉकरमध्ये घट्ट बसतो, फियाटची सवय असलेला माणूस लॉक नट शोधत बसतो आणि मग वाटतं काहीतरी हरवलंय. स्क्रू हाताला सैल लागला तर तो बदलायचाच. आणि बारीक टिकटिक आवाज येत असेल तर घाबरू नका, तो या इंजिनाचा स्वभाव आहे. भीती आवाज बंद झाल्याची, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टाइट झाला की तो सीटवर नीट टेकत नाही, थंड होत नाही आणि जळतो. विकणारा अभिमानाने सांगत असेल की बघा किती शांत चालते, तर फीलर गेज खिशातून काढा.

दुसरी गोष्ट बॅलास्ट रेझिस्टर. इंजिनमागच्या पत्र्यावर पांढरा चिनीमातीचा छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, बोटाएवढा. सेल्फ मारताना करंट त्याला वगळून थेट कॉइलला जातो आणि चावी सोडली की त्याच्यातून जातो. तो उडाला की गंमत बघा, सेल्फ मारलात की इंजिन पेटतं, चावी सोडलीत की त्याच क्षणी बंद. पुन्हा मारा, पुन्हा पेटतं, पुन्हा बंद. ज्याला माहीत नाही तो कार्बोरेटर उघडेल, पेट्रोल पंप बदलेल, डिस्ट्रिब्युटर काढेल आणि दिवस जाईल. दोन वायर, एक स्क्रू, पाच मिनिटांचं काम. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जास्तीचा कायम ठेवा, मी आणि ज्यांच्याकडे जुनी क्रायस्लरची गाडी आहे असे माझे ओळखीचे सगळे ठेवतात.

आणि चाकं. हे वाचून लक्षात ठेवा, गरज पडली तर पंक्चरवाल्याला मोठ्याने सांगा: डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे आटे उलटे आहेत. क्रायस्लरने १९७० पर्यंत हे असंच ठेवलं होतं, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. डावीकडचे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात, स्टडच्या टोकाला इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं असतं ते बघून घ्या. हायवेवरच्या एका दुकानात मी सांगेपर्यंत पोराने एअर गन लावली होती आणि दोन स्टड कडकन तुटले. त्याला दोष तरी किती द्यायचा, त्याने आयुष्यात उलटे आटे पाहिलेच नव्हते, पण नवे स्टड यायला गाडी बरेच दिवस लाकडी ठोकळ्यावर होती. तेव्हापासून मी चारही चाकांच्या बाजूला आत कागदाची पट्टी लावलीय, बाण काढून. रिम १३ इंची आहे, टायर आजच्या मापाचे घालता येतात पण ते मूळच्या ६.५० बाय १३ पेक्षा बुटके असतात त्यामुळे स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, आणि तोही मैलात.

आता खरं. पत्रा.

गोव्यात साधारण १२० इंच पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवेत मीठ. व्हॅलियंटला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस, म्हणजे खालचा पत्रा गेला की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणा जातो. यामुळेच मी म्हणतो की ज्या गाडीचं इंजिन जाम आहे आणि बॉडी घट्ट आहे ती घ्या, आणि इंजिन गाणं गातंय पण फ्लोअर कुजलाय ती कितीही स्वस्त असली तरी सोडा. इंजिन कोल्हापूरला पाठवता येतं. बॉडी कुठे पाठवणार?

बघायची पहिली जागा काउल, म्हणजे पुढच्या काचेच्या खाली बॉनेटच्या मागे जाळी असते, तिथून हवा आत येते आणि पाणीही. आतमध्ये पत्र्याची पन्हळ आहे, तिथे जमलेलं पाणी दोन्ही टोकांनी पुढच्या मडगार्डच्या मागून जमिनीवर पडायला हवं. पण साठ वर्षांची आंब्याफणसाची पानं आणि माती आत कुजून बसलेली असते, पाणी साचतं आणि पत्रा आतून जातो जिथे हात पोचत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना दोन बाटल्या पाणी न्या, मालकाला सांगून त्या जाळीत हळूहळू ओता, आणि दुसऱ्याला आत बसवून डॅशबोर्डच्या खाली, दोन्ही पायांच्या बाजूला कार्पेट उचलून हात लावायला सांगा. बाहेर धार पडली तर छान. आत हात ओला झाला तर समजा डॅशबोर्ड, काच, वायपर सगळं काढून वेल्डिंग करावं लागणार, ते काम करायची तयारी असलेला टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, मिळणं हीच अर्धी लढाई. मालक पाणी ओतू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

दुसरी जागा, ही सर्वात महत्त्वाची, पुढच्या सीटच्या खाली गाडीला आडवा जाणारा पत्र्याचा पोकळ बीम. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, दोन लांब पोलादी दांडे आहेत, टॉर्शन बार, चाक वर उचललं की दांड्याला पीळ बसतो. त्या दांड्यांची मागची टोकं या बीममध्ये अडकवलेली असतात आणि सगळा भार तिथे येतो. पत्रा पातळ झाला असेल तर तो एक दिवस फाटतो, आणि फाटेल तेव्हा गाडी चालत असेल. गाडी वर घेतल्याशिवाय हे दिसत नाही, त्यामुळे जवळच्या सर्व्हिस स्टेशनला रॅम्पवर न्यायचा आग्रह धरा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, घट्ट पत्रा खणखणतो आणि कुजलेला बसकट आवाज देतो. वरून काळं अंडरकोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं तर दुप्पट ठोका. तसं टॉर्शन बार हे सस्पेन्शन मला फार आवडतं, पुढच्या बाजूला एक बोल्ट आहे तो फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते, आमच्याकडचे स्पीडब्रेकर बघता मी थोडी वर ठेवलीय.

बाकी मग पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, डिकीचा तळ, दरवाजाखालची पट्टी. लोहचुंबक घेऊन फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी.

पावसाळ्यात काय करायचं यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, मी माझं सांगतो. कव्हर घालायचं नाही. कव्हरखाली ओल कोंडते आणि ऑगस्टमध्ये सीटला बुरशी, दरवाजाच्या आत गंज. पत्र्याची उंच शेड, चारही बाजू उघड्या, खाली काँक्रीट, गाडी स्टँडवर, काचा बोटभर खाली. मे महिन्याच्या शेवटी दरवाजाखालच्या पोकळीत आणि त्या आडव्या बीममध्ये मेणाचं अँटीरस्ट नळीने आत फवारायचं, पाणी वाहून जायची भोकं मात्र तारेने मोकळी ठेवायची, नाहीतर आतलं पाणी आतच. आणि पाऊस थांबला की ऊन पडलेल्या दिवशी गाडी बाहेर काढून तासभर चालवायची, कारण उभ्या गाडीचे ब्रेक चिकटतात. चालवून घरी आलो की खालून गोड्या पाण्याने धुणं, विशेषतः मिरामार-दोनापावलाच्या बाजूला जाऊन आलो असेन तर.

ब्रेकवरून आठवलं. चारही चाकांना ड्रम, सहा सिलिंडरवाल्याला ९ इंची, आणि १९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एका व्हील सिलिंडरचं रबर फुटलं की पेडल थेट तळाला आणि चारही चाकं मोकळी. १९६७ पासून डबल सर्किट आलं. मी माझ्या गाडीला डबल मास्टर सिलिंडर बसवून घेतला, ओरिजिनल गाडीला हात लावला म्हणून काहींनी नाक मुरडलं, पण मी बायकोमुलांना घेऊन चोर्ला घाट उतरतो, त्यामुळे यावर मी वाद घालत नाही. डबल असो की सिंगल, घाटात सेकंडमध्येच उतरायचं, ड्रम गरम झाले की पाय कितीही दाबा गाडी ओढ सोडत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल खेचतं आणि आपल्याकडे ओल भरपूर, दर वर्षी पावसाळा संपला की पूर्ण बदला. पहिला गियर सिंक्रोमेश नाही, तो टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी, नाहीतर करकर. पण टॉर्क एवढा आहे की चढावर सेकंडमध्येच ती मुकाट्याने उचलते.

वायरिंगचा एक कच्चा दुवा सांगतो. गाडीचा जवळपास सगळा करंट डॅशबोर्डमधल्या ॲमीटरमधून, म्हणजे करंट मोजायच्या मीटरमधून, जातो, आणि इंजिनकडून आत येताना फायरवॉलवर एक मोठा प्लास्टिकचा कनेक्टर आहे त्यातून जातो. आपल्या खाऱ्या हवेत त्या पिना हिरव्या पडतात, पिन हिरवी पडली की गरम होते, गरम झाली की प्लास्टिक वितळतं. मी उघडला तेव्हा जाड वायरच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन बसलं होतं. साफ करून जाड वायर थेट बाहेरून घेतली, मध्ये फ्यूज लिंक, हेडलाइटला वेगळे रिले. खर्च किरकोळ, झोप चांगली. जुनी गाडी घेतल्याबरोबर पहिल्या आठवड्यात हे काम करा, पॉलिश नंतर.

पेट्रोलचं काय हा प्रश्न आता सगळ्यांनाच. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने मऊ पडतात, इथेनॉल पाणीही खेचतं. इथेनॉलला टिकणारे पाइप घालणं, पंपाचा आणि कार्बोरेटरचा नवा किट, आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळा न काढणं, एवढं केलंत तर चालते. शिसं असलेलं पेट्रोल तर आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, म्हणून हेड कधी खोललंच तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. तेल मी मिनरल २०डब्ल्यू५० वापरतो, झिंक जास्त असलेलं बघून, कारण या टॅपेटना ते लागतं. ॲव्हरेज? गावात सहा-सात, बेळगावच्या रस्त्याला आठाच्या वर. ज्याला यात त्रास वाटतो त्याने ही गाडी घेऊ नये, यात काही कमीपणा नाही.

सामान मिळतं का, तर हो, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. अमेरिकेत ही गाडी लाखोंनी विकली गेली आणि तेच इंजिन डॉज डार्टलाही होतं, त्यामुळे टाय रॉड, पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंप, गॅस्केट सेट सगळं रॉकऑटोसारख्या ऑनलाइन दुकानात आजही नवीन मिळतं. वस्तू स्वस्त, तिचं भाडं आणि कस्टम महाग, त्यामुळे मी एक यादी करत राहतो आणि एकदम मागवतो, शक्यतो कुणी नातेवाईक तिकडून येणार असेल तेव्हा बारीकसारीक बॅगेत. राइट हँडवाल्यांना स्टीअरिंगच्या दांड्या आणि डॅशबोर्डच्या काही गोष्टींसाठी ऑस्ट्रेलियाकडे बघावं लागतं, क्रायस्लरने तिथे ॲडलेडला व्हॅलियंट बनवली आणि सत्तरच्या उंबरठ्यापर्यंत तिच्यात हेच इंजिन होतं, तिथले लोक या गाडीवर जीव टाकतात आणि मेसेज केला तर मापं, फोटो सगळं पाठवतात. क्रोमच्या पट्ट्या आणि टेललाइटच्या काचा मात्र मिळणं कठीण, त्यामुळे घेताना या गोष्टी जागेवर आहेत का ते मोजून घ्या, गायब असतील तर भाव खाली आणा.

मशीनिंगसाठी आम्ही घाट चढतो. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह गाइड, क्रँक ग्राइंडिंग हे सगळं बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात. कोल्हापूरच्या ज्या लेथवाल्याकडे मी गेलो त्याने हेड हातात घेतलं, उलटं केलं, एक्झॉस्टच्या सीटवरून अंगठा फिरवला आणि कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह टाइट चालत होता ते मला तिथेच सांगितलं. अशा लोकांसाठी हा प्रवास करायला मला आनंद वाटतो. जाताना इंची पाने घेऊन जा, या गाडीला मिलिमीटर पाना लावला की नट गोल होतो.

कागद. गोव्यात जुन्या जीडी सीरिजची, म्हणजे नंबर जीडीने सुरू होणारी, गाडी चालू आरसीसकट मिळाली तर सोनं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं. ज्यांचे कागद मेलेत त्यांच्यासाठी २०२१ पासून व्हिंटेजचा नियम आहे, ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हीए सीरिजमध्ये नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. आधी नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला बाजारात न्यायला गाडी हवी होती म्हणून मी चालू आरसी असलेलीच शोधली, त्यात वेळ बराच गेला आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

चालवायला कशी आहे हे सांगायचं राहिलं. पुढे अख्खा सोफा, तीन माणसं आरामात, मध्ये गियरचा अडथळा नाही. एसी नाही पण दरवाजाला पुढे त्रिकोणी काच आहे ती उलटी फिरवली की वारा सरळ छातीवर, आणि पायाजवळच्या झडपा उघडल्या की काउलमधून थंड हवा. सकाळी सात वाजता बोरीच्या पुलावरून जाताना हे असं उघडून चालवा, एसी आठवणार नाही. पन्नास-साठ किलोमीटरला इंजिन इतकं सावकाश फिरतं की वरचा गियर टाकून विसरून जायचं. स्टीअरिंग पॉवर नाही, जागेवर फिरवायला खांदे लागतात, चालू लागली की हलकी. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही हीच नेतो, डिकीत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या आराशीचं, सगळं सामान, नारळाचे घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, आणि गणपती पुढच्या सीटवर मुलाच्या मांडीवर. बाजारातले म्हातारे लोक थांबवून सांगतात आमच्या पात्रांवाकडे, म्हणजे मालकाकडे, अशी होती, मग ते गियरचा दांडा हातात घेऊन बघतात, आणि मला उशीर झालेला असला तरी मी त्यांना बघू देतो.

कुठलं वर्ष शोधावं? १९६४ पर्यंतच्या ऑटोमॅटिकला डॅशबोर्डवर बटणं आहेत, दाबून गियर बदलायचा, दिसायला अप्रतिम, पण ती केबलवर चालतात आणि केबल ताठ झाली की ती बसवणारा माणूस इथे मिळणं अवघड, तेव्हा ती हौस असेल तर केबल आधी मागवून ठेवा. १९६५ आणि १९६६ ला साधा दांडा, माझी पसंती त्यांनाच आणि त्यातही हँड गियरला. १९६७ ची बॉडी पुन्हा नवी, जरा चौकोनी, ब्रेक चांगले, कुटुंबासाठी घेत असाल तर तीही उत्तम. १७० चं छोटं इंजिन वाईट नाही पण घाटाला २२५ हवं. डॉज डार्ट मिळाली तरी सोडू नका, आतून बहीणच आहे. फोंडा-म्हापसा भागात कुणी गाडी बघायला जाणार असेल आणि सोबत कुणी हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, रविवार असेल तर येईन, फीलर गेज आणि लोहचुंबक माझ्याकडे आहेत, पाण्याच्या बाटल्या तुम्ही आणा.